मचूळ पाणी

बाबा अमेरिकेत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी म्हणाले, "तुमच्याकडचं पाणी मचूळ आहे गं."

मी चहा गाळत होते. माझ्या कपाळावरची आठी त्यांना दिसली असावी, कारण ते लगेच म्हणाले, "म्हणजे वाईट नाही. पण मचूळ आहे."

मी नळाखाली ग्लास धरला, पाणी पिऊन पाहिलं. पाण्यासारखं पाणी. झालं, मनात म्हटलं, सुरुवात झाली. आता भाजीला चव नाही, दुधाला वास नाही, उन्हाला ऊब नाही, सगळं ऐकावं लागणार. तिसऱ्या दिवशी मात्र ते स्वतःहून म्हणाले, "आज गोड लागतंय." त्यांच्या भाषेत गोड पाणी म्हणजे चांगलं पाणी. मी ते प्रवासाच्या शिणावर ढकललं आणि विसरून गेले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वेस्ट विंडसरला घर घेऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. घर वस्तीच्या कडेला होतं आणि पाणी आमच्याच आवारातल्या बोअरचं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून बाबांना हिवाळाभर बोलावून घेतलं होतं. एप्रिलमध्ये त्यांना परतायचं होतं, कारण मेमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न सांगलीला ठरलं होतं. आई नाही, तेव्हा मुलीचा हात देणारे ते एकटेच. हे ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचे, आणि एप्रिल अजून किती लांब आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहायचे.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. कालव्याचं पाणी कुठल्या शेताला कधी सोडायचं हे पाहणं त्यांचं काम. पण पंचक्रोशीत नाव होतं ते त्यांच्या जिभेचं. विहीर खणली की लोक त्यांना घेऊन जायचे. बाबा ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, घोळवायचे, आणि सांगायचे की या पाण्यावर ऊस येईल की नाही. लहानपणी मला याचा फार अभिमान होता. पुढे रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाले आणि तो अभिमान कुठे गेला कोण जाणे. अमेरिकेत मी पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. म्हणजे बाप आणि लेक एकाच धंद्यातले, फक्त मी जीभ वापरत नव्हते.

"मचूळ म्हणजे एक्झॅक्टली काय?" माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं. तो जन्मानं, वाढीनं मुंबईचा. त्याच्या लेखी पाण्याच्या दोनच जाती, आलेलं आणि न आलेलं.

"बेचव," मी सांगून टाकलं.

"बेचव नव्हे," बाबा म्हणाले. "खारट म्हणावं तर खारट नाही, गोड म्हणावं तर गोड नाही. प्यायलं तरी तहान तशीच राहते. ते मचूळ."

"आजोबा, इट्स जस्ट वॉटर," मुलगी म्हणाली. आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले.

बोअरचं पाणी जड होतं. साबणाला फेस नाही, नळावर पांढरे थर, आणि डाळ तर कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकच करायची. म्हणून नवऱ्यानं तळघरात पाणी मऊ करायचं यंत्र बसवून घेतलं होतं. त्याला त्या यंत्राचं फार कौतुक. आला-गेला पाहुणा आधी तळघरात नेला जायचा, मग चहा. बाबांनाही नेलं.

"पाणी मऊ?" बाबा म्हणाले. "ते कडक कधी झालं होतं?"

नवऱ्यानं यंत्राशेजारच्या टाकीचं झाकण उघडलं. आत मीठ. शुभ्र खडे, पोतंभर. बाबा वाकून बघत राहिले.

मी समजावायला गेले. म्हटलं, जड पाण्यात चुन्याचे क्षार असतात. यंत्रात बारीक मणी आहेत, त्यांच्या अंगावर सोडियम बसलेलं असतं. पाणी त्यातून जाताना मणी चुना धरून ठेवतात आणि सोडियम सोडून देतात. दोन रात्रींआड यंत्र आपलं आपणच मिठाच्या पाण्यानं मणी धुऊन घेतं, धरलेला चुना गटारात सोडतं आणि पुन्हा सोडियम चढवतं. मग स्वच्छ पाण्यानं ते मिठाचं पाणीही धुऊन काढतं.

"म्हणजे मीठ पाण्यात येतं."

"मीठ नाही येत, बाबा. सोडियम येतं. तेही थोडंसं."

"मिठात सोडियमच ना?"

"हो. पण मीठ पाण्यात पडलं की मीठ राहतच नाही. सोडियम वेगळं, क्लोराइड वेगळं."

बाबांनी मान हलवली, पण डोळ्यांत काही उतरलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझ्या पुस्तकात तो धातू होता ना, रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, पाण्यात टाकला की पेट घेतो? ते सोडियम वेगळं का?"

"तेच. पण पाण्यात आधीच विरघळलेलं सोडियम काही करत नाही. त्या धातूकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो, म्हणून ते आक्रस्ताळं. तो देऊन टाकला की शांत."

"निवृत्त झाल्यासारखं," बाबा म्हणाले आणि जिना चढायला लागले.

बाबांची सकाळ पाचला व्हायची. संडासला जाऊन, दात घासून ते स्वयंपाकघरात यायचे, घरून आणलेला तांब्या नळाखाली भरायचे आणि उभ्याउभ्या पूर्ण रिकामा करायचे. तरुणपणापासूनचं त्यांचं हे उषःपान. आदल्या रात्री भरून ठेवलेलं पाणी त्यांना चालायचं नाही, शिळं पाणी कोण पिणार? मग बादली भरभरून आंघोळ. मी साडेसहाला खाली यायचे तेव्हा ते खिडकीशी बसून बर्फाकडे बघत असायचे. नवरा त्यांना चिडवायचा, "बाबा काय, पहिल्या धारेचं पितात."

डिसेंबरात त्यांचे पाय सुजले. रक्तदाब आधीपासून होताच, तो वर चढला. आमच्या ओळखीतले डॉक्टर नागपूरचे होते, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी बाबांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो बराच वेळ भरेना.

"काका, सॉल्ट टोटली कट करायचं," डॉक्टर म्हणाले. "लोणचं नाही, पापड नाही, चिवडा नाही. सोडियम म्हणजे तुम्हाला पॉइझन समजा. आणि ही स्वेलिंग उतरल्याशिवाय मी तुम्हाला फ्लाय करू देणार नाही. एवढ्या लाँग फ्लाइटमध्ये काही झालं तर?"

"मेमध्ये मुलीचं लग्न आहे माझ्या," बाबा म्हणाले.

"मग एप्रिलपर्यंत उतरवू या ना, काका."

घरी येऊन मी कंबर कसली. बाबांसाठी वेगळा कुकर, वेगळी कढई. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. डाळीवर लिंबू पिळायचं, भाजीवर कोथिंबीर पेरायची आणि जेवताना आपलं लक्ष दुसरीकडे असल्यासारखं दाखवायचं. बाबा निमूट जेवायचे. एकदाच म्हणाले, "तळघरात पोत्यानं मीठ आहे, आणि माझ्या ताटात चिमूट नाही." मी हसले नाही.

पण सूज काही उतरेना. म्हणजे उतरायची आणि परत चढायची. मी रोज सकाळी त्यांना वजनकाट्यावर उभं करायचे. दोन दिवस वजन घसरायचं, मला हायसं वाटायचं, आणि पुढच्या दिवशी पुन्हा होतं तिथे. औषध तेच, जेवण तेच, आळणी. मला काही उलगडेना. मी डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली, पाव बंद केला, चीज बंद केलं, खाण्याचा सोडा घातलेला ढोकळासुद्धा बंद केला. दात घासायच्या पेस्टवर संशय घेतला. रात्री नवऱ्याला विचारायचे, "येतंय कुठून?" तो म्हणायचा, "यार, तू केमिस्ट, तू सांग."

बाबा खुर्चीत बसून स्वतःच्या घोट्यावर अंगठा दाबून बघायचे. म्हणायचे, "चोपण झालीय माझी." कालव्याकाठी ज्या जमिनीला पाणी फार होतं तिच्या अंगावर पांढरं फुटतं, माती चिकट होते, पाणी मुरतही नाही आणि निघतही नाही. तिला चोपण म्हणतात. ती सुधारायला पिढी जाते, असं तेच सांगायचे.

जानेवारीत त्यांनी पाण्याचा विषय पुन्हा काढला. "पाणी अजून तसंच आहे. कधी मचूळ, कधी गोड. एकदा बघशील का?"

"बाबा, नळ एक, बोअर एक. एक दिवस मचूळ आणि एक दिवस गोड कसं असेल?"

"ते मला काय माहीत? तू शिकलेली."

तरी मी नमुना घेतला. नाश्ता उरकल्यावर, आमच्या प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे. नळ सोडायचा, तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं म्हणजे नळीत साचलेलं निघून जातं, मग बाटली धुऊन भरायची. पाणी वाहत होतं आणि बाबा शेजारी तळमळत उभे. "अगं, किती पाणी सोडतेस! दोन वाफे भिजले असते." मी म्हटलं, पद्धत आहे ती.

प्रयोगशाळेत सोडियम मोजायला ज्योतीचं यंत्र होतं. पाण्याचा फवारा ज्योतीत जातो आणि सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते. जितकं सोडियम तितकी पिवळी. फार नाजूक प्रकरण. बाटलीच्या तोंडाला घामेजलं बोट लागलं तरी यंत्र चुगली करतं. आमच्या पाण्याची ज्योत बेतानं पिवळी झाली. मऊ केलेल्या पाण्यात असतं तेवढंच सोडियम, पायांना सूज आणण्याइतकं मुळीच नाही. मला आनंद झाला, खरं सांगायचं तर विजयाचा आनंद. घरी येऊन कोट काढायच्या आधी मी म्हटलं, "पाणी उत्तम आहे, बाबा. खुशाल प्या. भरपूर प्या."

"बरं," बाबा म्हणाले. त्यानंतर मचूळ हा शब्द त्यांच्या तोंडी आला नाही.

फेब्रुवारीत सूज पिंढरीपर्यंत चढली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काका गुपचूप काही खातात का? बघा एकदा. होतं असं, ओल्ड एजमध्ये." त्यांनी तिकिटाची तारीख पुढे ढकलायला सांगितली. बाबा बाहेर बसले होते, त्यांनी ऐकलं असावं.

त्या शनिवारी बाबा नातीबरोबर बर्फाचा माणूस करायला बाहेर गेले, आणि मी त्यांची बॅग उघडली. लिहिताना आजही लाज वाटते. धोतरं, पंचा, आईचा फोटो, आणि तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी. आत पांढरी भुकटी आणि काही चुरलेले खडे. सापडलं, माझ्या मनात आलं. मला राग आला आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं झालं, कारण निदान कोडं तरी सुटलं होतं. बोटाला लावून मी ती जिभेवर ठेवली.

खडीसाखर होती.

दारात बाबा उभे होते. टोपीवर बर्फ, हातात नातीचा ओला हातमोजा. दुसरा मोजा न्यायला आले होते. पुडीकडे बघून म्हणाले, "लग्नाआधी देवीला जायचंय. तुझ्या आईनं नवसाला बोललेली आहे." एवढंच. मोजा घेऊन ते परत बाहेर गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे खालून नळाचा आवाज आला तशी मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. माफी मागायची होती, पण शब्द कुठून जुळवायचे ते सुचेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काय समजायचं ते समजले, आणि हातातला भरलेला तांब्या पुढे केला. "घे. पाणी पी आधी."

मी घोट घेतला. दुसरा घेतला. तो मात्र तोंडातच थांबला. खारट म्हणावं तर खारट नव्हतं. गोड तर नव्हतंच. वीस वर्षांपूर्वी आजोळच्या एका विहिरीचं पाणी असं होतं. आम्ही मुलं ते पिऊन तोंडं वेडीवाकडी करायचो. शब्द मला ठाऊक होता, चव विसरले होते.

"बाबा, हे पाणी..."

"काय?"

"मचूळ आहे."

बाबांनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि ओट्यावर ठेवला. त्यांचा चेहरा असा फुलला की मला कळेचना काय झालं. "तुला लागतं? तुलाही लागतं?" ते दोनदा म्हणाले. "मला वाटलं, माझी जीभ गेली."

तांब्यातलं उरलेलं पाणी बाटलीत भरून मी सोमवारी प्रयोगशाळेत नेलं. ज्योत भडक पिवळी झाली, काटा शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. दहा पट पातळ करून पुन्हा घातलं, तरी पिवळी. मी यंत्रासमोर बसले आणि पहिल्यांदाच सगळं उलट बाजूनं पाहिलं. दोन रात्रींआड यंत्र मिठाच्या पाण्यानं मणी धुतं. ते मिठाचं पाणी नंतर पुरतं धुतलं जात नसलं तर यंत्रातच राहणार. पहाटे बाबा संडासात टाकी सोडतात, तेव्हा नळीतलं चांगलं पाणी निघून जातं आणि हे वर येतं. तांब्या भरतात तेव्हा नळाला तेच. मग त्यांची आंघोळ होते आणि उरलंसुरलं वाहून जातं. आम्ही उठायच्या वेळी पाणी गोड. आणि मी, पद्धतशीर बाई, नाश्त्यानंतर आणखी तीन मिनिटं नळ सोडून बाटली भरली होती. दोन दिवस घसरून चढणारं वजन, कधी मचूळ, कधी गोड, सगळं मला बाबांनी सांगितलं होतं. मी ते म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून ऐकलं.

यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाला झडपेत एक खडा अडकलेला सापडला, तांदळाएवढा. त्यामुळे धुवायचा शेवटचा टप्पा अर्ध्यावर सुटत होता. नवऱ्यानं तो खडा बराच वेळ हातात धरला होता. त्यानंतर त्यानं कुणा पाहुण्याला तळघरात नेलं नाही.

बाबांसाठी आम्ही बाटल्यांचं पाणी आणायला लागलो. सूज आठवड्याभरात ओसरायला लागली आणि मार्च संपताना घोट्याचं हाड दिसलं. नातीनं त्यावर पेननं हसरा चेहरा काढला. डॉक्टर म्हणाले, "काका, यू आर फ्री." तिकीट आधी ठरलेल्या तारखेचंच राहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांची बॅग भरत होते. या वेळी त्यांनीच सांगितलं होतं. खडीसाखरेची पुडी नव्या कागदात बांधली, आईचा फोटो धोतरांच्या मध्ये ठेवला. तांब्या पुसताना मनात कधीचं घोळत होतं ते विचारलं.

"बाबा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मग जानेवारीनंतरही ते पाणी का पीत राहिलात? सोडायचं तरी."

बाबा पलंगावर बसून पायमोजे चढवत होते. पाय आता मोज्यात सहज जात होता. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला असावा.

"अगं, तू तपासून आणलंस ना," ते म्हणाले. "उत्तम आहे म्हणालीस, भरपूर प्या म्हणालीस. त्या दिवसापासून मी एकाचे दोन तांबे केले."